दवाखाना की कॅज्युअल्टी? वेदनेवर विसंबू नका

इंदूरच्या मराठी घरात रात्री जेवणानंतर कुणाच्या छातीत जळजळ सुरू झाली, की पहिलं निदान ठरलेलं असतं: गॅस. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस आणि दहीवडा झालेला असतो, थंडीत वर गराडूही, म्हणजे तळलेला कंद, असतो, त्यामुळे ते पटतंही. मग ओवा-सैंधव येतं, काकू पाठीवरून हात फिरवतात आणि ‘सकाळी डॉक्टरांना दाखवू’ असं ठरतं. बहुतेक वेळा तो खरंच गॅस असतो. जेव्हा नसतो, तेव्हा सकाळपर्यंत हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा मेलेला असतो.

कोपऱ्यावरचा दवाखाना गाठायचा की थेट मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, हे आपण बहुधा एकाच मापाने ठरवतो: किती दुखतंय. हे माप फसवं आहे आणि त्याचं कारण आपल्या शरीराच्या रचनेतच आहे.

मेंदू सगळ्या अंगाची वेदना ओळखतो, पण खुद्द मेंदूच्या पेशीजालात वेदना टिपणारे तंतू नसतात. त्यामुळे रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा एखादा भाग मरू लागला तरी माणूस शांतपणे सांगतो, ‘दुखत काही नाही, हात जरा जड वाटतोय.’ हृदयाची तऱ्हा वेगळी. हृदयाकडून येणारे संवेदनातंतू मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, साधारण तिथेच छातीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूचे तंतूही शिरतात. हाक नेमकी कुठून आली हे मेंदूला उमगत नाही. म्हणून हृदयाचं दुखणं खांद्यात, जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वर जाणवतं. मधुमेह बरीच वर्षं असेल तर हे तंतूच बोथट झालेले असतात. मग दुखणं नाहीच, नुसता घाम, धाप आणि मळमळ. बायकांमध्येही अशी आडवळणाची लक्षणं अधिक दिसतात, आणि घरातली बाई तो ‘थकवा’ समजून अंगावर काढते. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

याच्या उलट मूतखडा. माणूस अक्षरशः गडबडा लोळतो, पण ताप नसेल आणि लघवी होत असेल, तर जिवाला धोका सहसा नसतो. मण्यार जातीचा साप पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो; त्याचे दात बारीक, जागा ना फारशी दुखत ना सुजत. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, बोलणं अडखळतं. तोवर विष नसा आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडू लागलेलं असतं आणि पुढचा धोका श्वासाचा असतो. अशा वेळी पट्टा आवळणं, चिरा देणं यात एक मिनिटही घालवू नये. हात किंवा पाय लाकडी फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि जिथे प्रतिविष व व्हेंटिलेटर दोन्ही आहेत तिथेच जावं.

तेव्हा ‘किती दुखतंय’ ऐवजी दुसरा प्रश्न विचारावा: थांबलो, तर जे बिघडेल ते नंतर दुरुस्त होईल का?

पक्षाघातात याचं उत्तर सर्वांत कठोर आहे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला आणि आजही तोच सांगितला जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण वाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि फुटलेली असताना ते इंजेक्शन जीवघेणं ठरतं. म्हणून घरच्या घरी ॲस्पिरिनही देऊ नये. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात उचलता येईना, शब्द बोबडे झाले, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखान्याचा विचारच सोडायचा. रात्री सीटी चालू असलेलं रुग्णालय हवं. थोड्या वेळाने लक्षणं आपोआप गेली, तरीही. ती बऱ्याचदा पुढच्या झटक्याची पूर्वसूचना असते.

छातीच्या दुखण्यात एक सापळा आहे. कोपऱ्यावरचे डॉक्टर ईसीजी काढतात, तो ‘नॉर्मल’ येतो आणि सगळे निर्धास्त घरी परततात. पण पहिला ईसीजी नॉर्मल असूनही हृदयविकाराचा झटका चालू असू शकतो. कॅज्युअल्टीत तो पुन्हापुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन, तपासतात. मेलेल्या स्नायूतून ते झिरपून मोजण्याइतकं व्हायला काही वेळ लागतो, म्हणून ती तपासणीही दोनदा करावी लागू शकते. मोठ्या झटक्यात रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी आणि ९० मिनिटांत अँजिओप्लास्टी, असं उद्दिष्ट जगभर मानलं जातं. ज्या ठिकाणी यातलं काहीच होत नाही, तिथे घालवलेला अर्धा तास हे घड्याळ सुरू होण्याआधीच वाया गेलेला असतो.

याचा अर्थ प्रत्येक शिंकेला एम.वाय. हे इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय गाठावं असा नाही. अमेरिकेत फॅमिली डॉक्टर आणि कॅज्युअल्टी यांच्या मधली पायरी म्हणून तातडीच्या उपचारांची छोटी केंद्रं १९७० च्या दशकात सुरू झाली. आपल्याकडे ती जागा गल्लीतले डॉक्टर, छोटी नर्सिंग होम्स आणि २०१९ पासून इंदूरमध्ये उघडत गेलेली सरकारी संजीवनी क्लिनिक्स मिळून भरून काढतात. ताप, घसा, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय, दोन-चार टाक्यांची जखम, सलाईन लागत नाही इतपत जुलाब, यांसाठी तीच जागा योग्य. घरातल्यांची औषधं ज्यांना तोंडपाठ आहेत असे रामबागेतले किंवा लोकमान्य नगरमधले जुने डॉक्टर अशा वेळी कोणत्याही मोठ्या रुग्णालयापेक्षा उत्तम, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅज्युअल्टीत आलेल्यांचा क्रम गंभीरतेवर ठरतो, आधी कोण आलं यावर नाही. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लॅरे याने जखमींना हुद्दा न बघता जखमेच्या गंभीरतेनुसार निवडायला सुरुवात केली. गंभीरतेनुसार रुग्णांच्या केलेल्या आजच्या लाल, पिवळ्या, हिरव्या गटांचं मूळ तिथे आहे. मुरगळलेला पाय घेऊन तिथे गेलात तर तासन् तास बसावं लागेल, आणि तसं बसावं लागणं योग्यच आहे.

मधल्या काही गोष्टी मात्र नीट समजून घ्याव्यात. कुत्रा चावला तर कॅज्युअल्टीची घाई नाही, पण ‘उद्या बघू’ हेही चालणार नाही. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि त्यांच्याच वाटेने मेंदूकडे सरकतो. चेहऱ्यावरचा चावा म्हणूनच पायावरच्यापेक्षा अधिक धोक्याचा. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवावी. या साध्या कृतीने विषाणूंची संख्या खूप घटते. मग त्याच दिवशी लस. इंदूरकरांना त्यासाठी हुकुमचंद पॉलिक्लिनिक, म्हणजे आपलं लाल अस्पताल, ठाऊक असतंच. त्वचेत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घेतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, हेही द्यावं लागतं, कारण लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस जातात.

डेंग्यूतही असाच चकवा असतो. ताप उतरतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागण्याचा धोका असतो. ताप गेल्यावर पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती दिसली तर थेट रुग्णालय. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर बाळ हसत-खेळत असलं तरी लगेच दाखवावं. डोक्यावर आपटलेला माणूस उठून नीट बोलला आणि तासाभराने झोपाळू झाला, तर कवटीच्या आत रक्त साठत असू शकतं. आणि किशोरवयीन मुलगा अचानक ओटीपोटात दुखतंय म्हणून कळवळत असेल तर त्याला एकट्याला घेऊन विचारा. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला साधारण ६ तासच हातात असतात, आणि मुलं लाजून सांगत नाहीत.

पैशांच्या किंवा पोलिसांच्या भीतीने थांबू नये. तातडीचा उपचार देणं हे सरकारी आणि खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये दिला. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे.

नेताना स्कूटरवर मध्ये बसवून नेण्याचा मोह टाळा. १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन केला तर वाटेत ऑक्सिजन आणि प्रशिक्षित माणूस मिळतो. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीच्या, रात्री कुठल्या बाजूने बाहेर पडता येईल हे आधीच बघून ठेवावं. सोबत रोजच्या गोळ्यांची पाकिटं घ्या. पक्षाघाताची शंका असेल तर माणूस शेवटचा कधी ठीक दिसला होता ती वेळ घड्याळाप्रमाणे सांगा. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली असतील, तर ती वेळ रात्री झोपायला गेल्याची धरतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते सर्वांत आधी सांगा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल की नाही हे त्यावरही ठरतं.