कॉर्डलेस रेसिप्रोकेटिंग सॉ : सुरक्षित वापर

कॉर्डलेस रेसिप्रोकेटिंग सॉ ही बॅटरीवर चालणारी, दोन्ही हातांनी धरून वापरायची करवत. तिचे अरुंद ब्लेड एका बाजूने यंत्रात पकडलेले आणि दुसऱ्या टोकाला मोकळे असते. खटका दाबला की ब्लेड वेगाने मागे-पुढे सरकते. छोट्या यंत्रांत ही सरक १५ मिलिमीटरच्या आसपास, तर मोठ्या यंत्रांत ३२ मिलिमीटरपर्यंत असते आणि पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्या होतात. १९५१ मध्ये मिलवॉकी या अमेरिकी कंपनीने ‘सॉझॉल’ नावाने अशी करवत बाजारात आणली. जुन्या चौकटी खिळ्यांसकट कापून काढणे, पाइप तोडणे, फांद्या छाटणे, भिंतीतले लाकूड मोकळे करणे ही तिची कामे. सफाईदार काप तिच्याकडून मागू नये. तोडफोडीच्या कामात मात्र तिला तोड नाही.

या करवतीचा मुख्य धोका ब्लेडच्या मोकळ्या टोकाशी असतो आणि नेमके तेच टोक कापणाऱ्याला बहुधा दिसत नाही. ते वस्तूच्या पलीकडे, भिंतीच्या पोकळीत किंवा पाइपच्या मागे फिरत असते. पलीकडे काही कठीण असले तर टोक त्यावर आदळते, ब्लेड वाकते किंवा तुटते आणि यंत्र झटक्यात मागे ढकलले जाते. आखूड ब्लेड लावले तरी हेच घडते, कारण ब्लेड मागे सरकताना टोक कापात शिरते आणि पुढे येताना वस्तूवर ठोकर घेते. म्हणून पूर्ण मागे सरकलेल्या स्थितीतही ब्लेड वस्तूच्या बाहेर थोडे उरेल इतकी लांबी हवी. गरजेपेक्षा फार लांब ब्लेडही नको, ते लवलवते आणि काप भरकटतो.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे शू, अर्थात ब्लेडच्या मुळाशी असलेली धातूची टेकण. बहुतेक ब्लेडचे दाते यंत्राकडे वळलेले असतात, त्यामुळे काप ब्लेड मागे येताना होतो आणि त्याच ओढीने वस्तू शूवर दाबली जाते. शू वस्तूला घट्ट टेकलेला असेल तर ही सगळी ताकद कापण्यात जाते. तो अर्धा सेंटिमीटर जरी सुटला, तरी ब्लेड वस्तूला धरून यंत्रच हलवू लागते आणि धक्के थेट मनगटात येतात. नवशिक्याच्या हातात करवत थडथडताना दिसली, तर आधी शूकडे पाहावे. काप सुरू करताना शू टेकवायचा, दाते वस्तूपासून किंचित दूर ठेवायचे, खटका हळू दाबून गती येऊ द्यायची आणि मग ब्लेड खाली उतरवायचे. काप संपला की ब्लेड पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढायचे.

ब्लेड निवडताना एका वेळी किमान तीन दाते वस्तूत राहतील हे पाहतात. फांद्या आणि जाड लाकडासाठी इंचाला ५ ते ८ दाते, जाडसर धातूसाठी १० ते १४, पातळ पत्र्यासाठी १८ ते २४. खिळे असलेल्या लाकडाला बायमेटल ब्लेड, म्हणजे लवचिक पोलादी पट्टीला कठीण पोलादाचे दाते जोडलेले ब्लेड लागते. धातू कमी गतीने कापतात. लाकडासाठी असलेली ऑर्बिटल चाल, म्हणजे ब्लेडची मागे-पुढे सरकतानाच किंचित वर-खाली होणारी हालचाल, त्या वेळी बंद ठेवतात.

भिंतीत ब्लेड घालण्यापूर्वी तिच्या पलीकडे काय आहे ते शोधणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. वीज मुख्य स्विचवरून बंद करून टेस्टरने खात्री करावी, पाण्याच्या आणि गॅसच्या लाइनी कुठून गेल्या आहेत ते पाहावे. तरीही यंत्र नेहमी रबरी मुठींनीच धरावे, कारण चुकून जिवंत तार कापली गेली तर पुढच्या धातूच्या भागांत वीज उतरते. जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस किंवा शिसेयुक्त रंग असण्याची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत काप घेऊ नये. अपघातग्रस्त मोटारीतून माणूस सोडवताना बचाव पथकेही हीच करवत वापरतात. मोटारीच्या खांबांत एअरबॅगची दाबाने भरलेली नळकांडी असू शकतात, म्हणून पथके आतले आवरण काढून पाहिल्याशिवाय खांबाला ब्लेड लावत नाहीत.

फांदी कापताना आधी खालून सुमारे एक तृतीयांश आणि मग वरून काप घ्यावा, म्हणजे साल फाटत नाही आणि ब्लेड अडकत नाही. शिडीवरून एका हाताने ही करवत चालवणे टाळावेच.

विजेची वायर नसल्याने आणखी एक धोका येतो. वायरच्या यंत्राचा प्लग काढला की ते मेले हे डोळ्यांना दिसते. इथे बॅटरी लावलेली असेपर्यंत यंत्र जिवंतच असते. ब्लेड बदलणे, अडकलेले ब्लेड सोडवणे, यंत्र दुसऱ्याच्या हाती देणे, शिडी चढणे, या प्रत्येक वेळी बॅटरी काढावी. नुसत्या खटक्याच्या लॉकवर विसंबू नये. काप घेऊन नुकतेच थांबलेले ब्लेड पोळण्याइतके गरम असते, तेव्हा ते उघड्या बोटांनी ओढू नये.

डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण, धुळीसाठी मास्क आणि मापात बसणारे हातमोजे लागतातच. कंपनाकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाला हाताच्या कंपनाची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि २.५ पासूनच मालकाने उपाय योजायचे असतात. १० कंपन असलेले यंत्र अर्ध्या तासात उपायांची पातळी आणि दोन तासांत मर्यादा गाठते. बोटे बधिर होणे, थंडीत पांढरी पडणे ही पहिली लक्षणे, आणि अशा वेळी काम तिथेच थांबवावे.

लिथियम-आयन बॅटरी खिळे-स्क्रूंच्या डब्यात मोकळी टाकू नये. दोन टोकांमध्ये धातू आला की शॉर्ट होऊन आग लागू शकते. टोकांवर टोपण ठेवावे आणि धातूचा कीस साफ करावा. फुगलेली किंवा उंचावरून पडून तडकलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. ती घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावी.