शून्य पॉइंट सहा मिलीमीटरचं पोलाद

भुसावळच्या एका भंगारवाल्याकडे गंजक्या कॉटांच्या ढिगाखाली ही रेसिंग सायकल सापडली. अंगावर हिरव्या ऑइलपेंटचा थर, नाव नाही, खूण नाही. आडव्या दांडीवर नखाने टिचक्या मारत गेलो. टोकाशी आवाज बद्द, मध्यावर मोकळा आणि खणखणीत, दुसऱ्या टोकाशी पुन्हा बद्द. मी घासाघीस न करता पैसे मोजले.

आवाज बदलतो, कारण नळीची जाडी आतून बदलते. ताण सर्वांत जास्त येतो सांध्यांपाशी, मधल्या भागाला काम कमी. हे ओळखून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. बाहेरून मात्र ती सरळ, एकसारखीच दिसते. पुढे १९३५ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनमचं '५३१' पोलाद आणलं. भारी प्रतीचं पोलाद वजनाला हलकं असतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सगळ्या पोलादांची घनता जवळपास सारखीच. वाढते ती ताकद, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन तिथे वाचतं.

घरी येऊन सीटचा दांडा उपसला आणि व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावला: २७.२ मिलीमीटर. तो ज्या नळीत बसतो तिचा बाहेरचा व्यास २८.६. थोडी फट सोडली, तर प्रत्येक बाजूला भिंत उरते ०.६ मिलीमीटरच्या आसपास! एवढ्या पत्र्यावर अख्खा माणूस घाट उतरतो.

सांधेही बघण्यासारखे आहेत. नळ्यांची टोकं बाहीसारख्या तुकड्यांत बसवून सांधा लालबुंद तापवतात आणि पितळेची कांडी टेकवतात. वातीत तेल चढावं तसं पितळ बारीक फटीत आपोआप ओढलं जातं. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, पोलाद १५०० च्या आसपास, त्यामुळे नळी शाबूत राहते. म्हणून सांगतो, अशी फ्रेम तडकली तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे अजिबात नेऊ नका. त्या ठिणगीने पातळ नळीला भोकच पडेल.

मी ती धुळ्याहून लळिंगपर्यंत चालवतो. मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर जातो तेव्हा हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते, म्हणजे वाऱ्याचा अडसरही तेवढा कमी. विरळ हवेसाठीच बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स १९७२ मध्ये उंचावरच्या मेक्सिको सिटीला गेले आणि पोलादी सायकलवर तासात ४९.४३१ किलोमीटर कापून आले. पण आपल्या उन्हाळ्यात हा फायदा पदरात पडत नाही. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पायडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. हवा कातडीपेक्षा गरम असली की ती बाहेर टाकायला घामाशिवाय वाट नाही, आणि जोरात चालवणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून मी पहाटे पाचला निघतो, आठच्या आत परत.

खानदेशातल्या कोरड्या हवेत लोखंड किनारपट्टीपेक्षा सावकाश गंजतं, पण घामातलं मीठ गंज लवकर चढवतं. घरी आलो की स्वतः पाणी प्यायच्या आधी दांडी आणि सीटखालचा सांधा कोरड्या फडक्याने पुसून घेतो.