गावातली हेर आणि तिची फी

नव्या लेखिकेची पहिली रहस्यकादंबरी, आणि नायिका कोण, तर गावात राहून खासगी गुप्तहेराचा धंदा करणारी बाई. आज अशी कादंबरी हातात आली तर कुणी भुवया उंचावत नाही. पण इंग्रजी रहस्यकथेत ही जोडी जुळायला फार वेळ लागला. गावात बसून नको तिथे नाक खुपसणाऱ्या बायका होत्या आणि शहरात फी घेऊन तपास करणाऱ्या बायकाही होत्या. एकाच बाईने गावात राहून पोटासाठी तपास करायचा, ही गोष्ट रुळायला मात्र सव्वाशे वर्षं गेली.

सुरुवात प्रत्यक्षातल्या बाईपासून करू. शिकागोत ॲलन पिंकर्टनने १८५६ मध्ये आपल्या खासगी हेरसंस्थेत केट वॉर्नला नोकरी दिली. पुरुषाला जिथे पाऊल टाकता येत नाही तिथली गुपितं बाई काढून आणू शकते, हे तिनेच आपल्याला पटवलं असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. १८६१ मध्ये लिंकनना बाल्टिमोरमधून गुपचूप वॉशिंग्टनला न्यायचं होतं, तेव्हा ती आजारी भावाला सोबत करणारी बहीण बनून रात्रीच्या गाडीत त्यांच्याबरोबर होती. इंग्लंडमध्ये १८५७ च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयात आणला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. दोघांनाही पुरावा हवाच, आणि तो गोळा करून देणाऱ्यांची दुकानदारी इथूनच जोरात सुरू झाली.

१८६४ च्या सुमारास लंडनमध्ये बाई डिटेक्टिव्ह असलेली दोन पुस्तकं निघाली. त्यातलं ‘द फीमेल डिटेक्टिव्ह’ अँड्र्यू फॉरेस्टर या टोपणनावाने आलं होतं. लंडनच्या पोलिस दलात बायका घेतल्या गेल्या त्या १९१९ मध्ये. म्हणजे वास्तवाच्या अर्धं शतक पुढे कल्पना धावत होती.

गावाची बाजू वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त रंजक. १८६० मध्ये विल्टशरमधल्या रोड नावाच्या गावात केंट कुटुंबातल्या चार वर्षांच्याही न झालेल्या मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर तपासाला आला. त्याचा संशय मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्सवर. आधार काय? धुण्याच्या यादीत तिचे झोपायचे झगे तीन होते, घरात सापडले दोन. धुण्याची टोपली बांधणाऱ्या मोलकरणीला कॉन्स्टन्सने काहीतरी निमित्त काढून खाली पाठवलं आणि तेवढ्यात एक झगा परत काढून घेतला, अशी त्याची अटकळ होती. म्हणजे धोब्याकडे नसून घरातच तो नाहीसा झाला. प्रतिष्ठित घरातल्या मुलीचे कपडे असा कामगारवर्गातून आलेला पोलिस मोजतो म्हणून लोक खवळले, मुलगी सुटली आणि व्हिचरची छीथू झाली. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून कबुली दिली.

या प्रकरणातला कळीचा धागा घरकामात गुंतलेला होता, आणि तो ठाऊक होता मोलकरणींना. बाहेरून आलेल्या पुरुषाला तो दिसला तरी कुणाच्या गळी उतरवता आला नाही. गावातल्या स्त्री-हेराची गरज इथेच दिसते, असं मला वाटतं.

१८९२ च्या एका कथेत शेरलॉक होम्स आगगाडीच्या खिडकीतून हिरवीगार शेतं आणि विखुरलेली घरं बघतो आणि वॉटसनच्या उत्साहावर पाणी ओततो. लंडनच्या घाणेरड्या गल्लीतही मार खाणाऱ्या पोराची किंकाळी शेजाऱ्यांच्या कानी पडते. या एकेकट्या घरांत काय चालतं ते कोण ऐकणार, असं त्याचं म्हणणं. पुढच्या कितीतरी ग्रामीण रहस्यकथा याच विचारावर उभ्या आहेत. मात्र होम्स तपास संपला की गाडी पकडून परत जातो.

कॅथरीन लुईसा पर्किसची लव्हडे ब्रुकही जाते. १८९४ च्या संग्रहातली ही तिशीची, चारचौघींत उठून न दिसणारी बाई लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या संस्थेत पगारावर असते आणि वेषांतर करून खेड्यातल्या बड्या घरांत शिरते. पगार शहरातून, काम गावात.

मग आल्या अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल. १९२७ मध्ये कथेत, १९३० मध्ये कादंबरीत. सेंट मेरी मीड सोडून फारशा कुठे न जाणाऱ्या. बागेत खुरपणी करता करता रस्त्यावर नजर, आणि पक्षी बघायच्या दुर्बिणीतून बरंच काही. पण त्या फी घेत नाहीत. १९२८ मध्ये अवतरलेल्या पॅट्रिशिया वेंटवर्थच्या मिस सिल्व्हर मात्र घेतात. आधी गव्हर्नेस, म्हणजे घरी येऊन मुलांना शिकवणारी बाई, मग व्यावसायिक तपासनीस. लोकरीचं विणकाम हातात घेऊन त्या कुणाच्याही दिवाणखान्यात पाहुणी म्हणून बसू शकतात. त्यांचा मुक्काम अर्थात लंडनला. दोघी म्हाताऱ्या, दोघी विणणाऱ्या, आणि तरी धंद्याच्या हिशेबात एकमेकींच्या अगदी उलट. मिस मार्पलच्या प्रसिद्धीत मिस सिल्व्हर झाकोळल्या, हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढचा टप्पा पुन्हा शहरी. १९७२ मध्ये पी. डी. जेम्सची कॉर्डेलिया ग्रे, १९७७ मध्ये मार्शा म्युलरची शॅरन मॅकोन, १९८२ मध्ये स्यू ग्राफ्टन आणि सारा पॅरेट्स्कीच्या नायिका. परवाना, ऑफिस, भाडं थकलेलं, पिस्तूल: पुरुष ‘प्रायव्हेट आय’चा सगळा सरंजाम आता बायकांच्या हाती आला. अमेरिकेतल्या प्रायव्हेट आय लेखकांच्या संघटनेची व्याख्याही पैशाभोवतीच आहे: तपासाचे पैसे घेणारा आणि सरकारी नोकरीत नसलेला तो खासगी हेर. या व्याख्येत मिस मार्पल बसत नाहीत.

दोन्ही धागे ठळकपणे एकत्र आले १९९२ मध्ये, डॅना स्टॅबनोच्या केट शुगॅकमध्ये. अँकरेजच्या सरकारी वकिलाच्या कार्यालयातली ही माजी तपासनीस गळ्यावर वार झेलून अलास्कातल्या एका विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यानात आपल्या जागेवर राहायला येते, सोबत मट नावाची अर्धी लांडगी कुत्री. बेपत्ता माणूस शोधायचं काम तिच्या दारात येतं आणि अडचण लगेच उभी राहते: ज्यांना प्रश्न विचारायचे त्यातले निम्मे तिचे नातेवाईक, आणि आजी तर तिथल्या आदिवासी समाजाची पुढारी. १९९८ मध्ये अलेक्झांडर मॅकॉल स्मिथच्या कादंबरीतून बोट्स्वानाच्या मा रामोत्स्वे आल्या. मरणाच्या दारातल्या बापाने सांगितलं, गुरं विकून धंदा टाक. मुलगी म्हणाली, डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. बाप काहीतरी बोलायला गेला आणि संपला. राजधानीच्या कडेला उघडलेल्या त्या एजन्सीचं भांडवल गुरांचं, म्हणजे खेड्यातलंच.

पहिल्या पुस्तकांकडे या क्षेत्राचं पूर्वीपासून लक्ष आहे. रहस्यलेखनासाठीचे अमेरिकेतले एडगर पुरस्कार १९४६ मध्ये सुरू झाले तेव्हा कादंबरीसाठी पुरस्कार होता तो फक्त पहिल्या कादंबरीला. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा विभाग १९५४ मध्ये आला. त्यामुळे नवखी लेखिका नवी भूमी धुंडाळते तेव्हा तिला वाचक मिळतो. बहुतेक जणी नायिकेला शहरातल्या पोलिस नोकरीतून गावी परत आणतात. ही युक्ती आता घासून गुळगुळीत झाली आहे, पण तिच्यामागचं कारण खरं आहे. अनोळखी गाडी दिवसभर कोपऱ्यावर उभी राहिली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला खबर, तर पाळत ठेवायची कशी? अशील शेजारीच, तर बिल लावायचं कसं? आणि गावात वर्षाला अशी प्रकरणं येणार किती? म्हणून या कादंबऱ्यांतल्या बायका जोडीला शेती, मासेमारी, नाहीतर वकिलांसाठी कागदपत्रांचा शोध असं काहीतरी करताना दिसतात, आणि खुनाचा तपास दोन कामांच्या मधल्या वेळात चालतो.