कुकिंग रेंज : वीजजोडणी

वर चार-सहा शेगड्या आणि खाली एक किंवा दोन ओव्हन अशा जोडचुलीला द्यावा लागणारा स्वतंत्र वीजपुरवठा. शेगड्या गॅसच्या असल्यास वीज ओव्हनपुरतीच लागते. अडीच ते तीन किलोवॉटचा ओव्हन 230 व्होल्टवर 11 ते 13 अँपिअर घेतो. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट पुरतो.

संपूर्ण विजेवरच्या रेंजबाबत मात्र मतभेद आहेत. 12 किलोवॉटच्या रेंजचा पूर्ण भार सुमारे 52 अँपिअर होतो. ब्रिटिश प्रघातानुसार पहिले 10 अँपिअर पूर्ण, उरलेल्याचे 30 टक्के आणि रेंजच्या खटक्यावरच सॉकेट असल्यास आणखी 5 अँपिअर धरतात. हा हिशेब जेमतेम 28 अँपिअरवर येतो आणि 32 अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह आल्यास आपोआप पडणारा खटका) व 6 चौ. मिमी तांब्याची वायर पुरेशी ठरते. थर्मोस्टॅटमुळे सगळ्या शेगड्या एकाच वेळी पूर्ण भार घेत नाहीत, हे त्यामागचे गृहीत. काही वायरमन हा नियम जसाच्या तसा लावतात, काही पूर्ण भारच धरतात. वायरच्या क्षमतेचे ब्रिटिश तक्ते 30 अंश सेल्सियस तापमानासाठी आहेत. 45 अंशांना पीव्हीसी वायरची क्षमता 0.79 पट उरते आणि पाइपातली 6 चौ. मिमी वायर 32 अँपिअरच्या काठावर येते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, स्लॅबखालचे स्वयंपाकघर त्याहून तापते. लग्नघरात तर एकही शेगडी रिकामी नसते. म्हणून येथे 10 चौ. मिमीचा आग्रह अधिक सयुक्तिक वाटतो.

मंजूर भार अपुरा असल्यास महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा लागतो. थ्री फेज जोडणीत भार तीन फेजवर वाटला जातो. न्यूट्रल तुटल्यास मात्र एखाद्या घटकावर 230 हून बराच अधिक दाब येऊ शकतो. घराला लागून यंत्रमाग असेल, तर त्याच्या औद्योगिक मीटरवरून स्वयंपाकघराला वीज देता येत नाही. वीज कायदा, 2003 च्या कलम 126 नुसार तो अनधिकृत वापर ठरतो.

अर्थिंग अनिवार्य. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) बसवावा. पावसाळाभर न वापरलेल्या ओव्हनच्या कॉइलमध्ये ओल धरते. अशा वेळी पहिल्या तापवणीला आरसीसीबी पडल्यास दोष वायरिंगचाच असेल असे नाही.