संकेतस्थळाची वापरसुलभता

एखाद्या कामासाठी संकेतस्थळावर आलेल्या व्यक्तीला ते काम अचूकपणे, कमी श्रमात आणि मनस्तापाविना पुरे करता येणे, या गुणाला वापरसुलभता म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ ९२४१-११ (१९९८, सुधारित आवृत्ती २०१८) या मानकात परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान ही तिची तीन अंगे मानली असून, ती ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टे आणि वापराची ठरावीक परिस्थिती यांच्या संदर्भातच तपासावीत, असे म्हटले आहे. त्यामुळे सर्वांना सर्व प्रसंगी सोपे असे संकेतस्थळ संभवत नाही. कार्यालयात मोठ्या पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याला सोयीची वाटणारी मांडणी, भर उन्हात मोबाइलवर तेच पान उघडणाऱ्याला अवघड जाऊ शकते.

या विषयाची मुळे संकेतस्थळांच्या जन्माआधीची आहेत. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे नेमके पोहोचण्यास वेळ अधिक लागतो, हा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडला. बटणांचा आकार आणि जागा ठरवताना आजही त्याचाच आधार घेतला जातो. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये तज्ज्ञांनी निकषांच्या आधारे मांडणी तपासण्याची पद्धत सुचवली आणि १९९४ मध्ये नीलसन यांनी त्या निकषांना दहा तत्त्वांचे रूप दिले. प्रणालीत काय चालले आहे हे वापरकर्त्याला दिसत राहावे, चूक मागे घेता यावी आणि माहिती लक्षात ठेवण्याऐवजी समोर पाहून ओळखता यावी, ही त्यांपैकी विशेष महत्त्वाची तत्त्वे होत. प्रतिसादाच्या वेळेविषयी त्यांनी सांगितलेल्या मर्यादाही प्रसिद्ध आहेत : ०.१ सेकंदापर्यंतचा प्रतिसाद तात्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते.

वापरसुलभतेची खरी कसोटी अर्ज भरताना लागते. सातबारा उतारा ऑनलाइन पाहताना जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट क्रमांक अशी निवड करत जावे लागते. हा क्रम महसूल प्रशासनाचा असला, तरी जमीनधारकाच्या अंगवळणी पडलेला आहे आणि म्हणून तो शिकवावा लागत नाही. अडचण येते ती पोटहिस्सा लिहिताना. ‘१२५/२/अ’ मधील तिरक्या रेघा द्यायच्या की नुसता मूळ क्रमांक लिहायचा, हे चौकटीशेजारी एका उदाहरणाने दाखवले, तर पुष्कळशा चुका घडण्यापूर्वीच टळतात. तरीही चूक झालीच, तर ‘अवैध नोंद’ एवढेच सांगणारा संदेश निरुपयोगी असतो. नेमके कोठे चुकले आणि काय लिहावे हे त्यात असले पाहिजे, आणि आधी भरलेली माहिती कोणत्याही परिस्थितीत पुसली जाता कामा नये.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत लिपीचा प्रश्न वापरसुलभतेच्या केंद्रस्थानी येतो. युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक संकेतांक देणाऱ्या मानकाचा, प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतंत्र फॉन्टवर अवलंबून होती आणि तो फॉन्ट संगणकावर नसल्यास वाचकाला अर्थहीन चिन्हे दिसत. ती अवस्था मागे पडली असली, तरी रोमन लिपीसाठी घडवलेला साचा जसाच्या तसा देवनागरीला लावण्याची सवय गेलेली नाही. ओळींमधील अंतर अपुरे ठेवल्यास वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात किंवा कापले जातात. शोभेसाठी अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेखा तुटते. पानाच्या संगणकीय संहितेत (कोडमध्ये) भाषा मराठी अशी नोंदवणे हे लहानसे पण मोलाचे काम आहे, कारण काही फॉन्ट त्यावरूनच ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निवडतात आणि पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी, प्रणाली योग्य उच्चार वापरू शकते.

शोध सुविधेतील अडचण याहून अधिक लपलेली असते. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, परंतु शोधयंत्रणेने त्यांचे एकरूपीकरण केले नसेल, तर एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपात लिहिलेली योजना सापडत नाही, आणि ती अस्तित्वातच नाही असा त्याचा समज होतो. मराठी अंकांचेही तसेच आहे : सूचना मराठीत देणाऱ्या अर्जाने ‘४११००४’ हा पिनकोड नाकारणे ही रचनेतील उणीव आहे, वापरकर्त्याची चूक नव्हे.

अपंग व्यक्तींना संकेतस्थळ वापरता येणे हा सुगम्यतेचा विषय वापरसुलभतेला लागूनच आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्यासाठी १९९९ पासून मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांच्या तीन स्तरांपैकी मधल्या स्तरानुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. फिकट राखाडी अक्षरांची चाल या अटीत बसत नाही, आणि ज्येष्ठ वाचकांचा विचार केला, तर ती सोडून देणेच योग्य. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये तयार झाली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सुगम्यतेला कायद्याचे बळ दिले.

प्रत्यक्ष चाचणीत वापरकर्त्याला एक काम सोपवले जाते आणि मनात येईल ते बोलत ते करण्यास सांगितले जाते. निरीक्षकाने मदत न करता अडखळण्याच्या जागा टिपायच्या असतात. पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के दोष उघड होतात, हे नीलसन यांचे प्रतिपादन फार उद्धृत केले जाते. मात्र एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के दोष सापडतात, या गृहीतकावर ते उभे आहे आणि एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटालाच ते लागू पडते. रोमन अक्षरांतून मराठी टंकणारे, बोलून शोधणारे आणि पडदावाचकावर विसंबणारे हे तीन वेगळे गट असल्याने, त्यांच्यासाठी चाचण्याही स्वतंत्रपणे घ्याव्या लागतात.