नदी-पार कारवाई आणि सॅपर

शत्रूच्या माऱ्यात नदी ओलांडून सैनिक, रणगाडे आणि रसद पैलतीरी नेण्याची लष्करी कारवाई. तिचा सगळ्यात जोखमीचा भाग लष्करी अभियंत्यांच्या, म्हणजे सॅपरांच्या वाट्याला येतो. मराठी मुलखातील सॅपरांचे घर म्हणजे खडकीचे बॉम्बे सॅपर्स.

पायदळ बहुधा अंधारात होड्यांतून पुढे जाते. काठावरचे सुरुंग काढणे, तराफे सोडणे, पूल बांधणे हे सॅपरांचे काम. कोकणात पऱ्ह्यावर साकव घालावा तसाच हा पूल, फक्त रणगाड्याचे ओझे पेलणारा आणि गोळीबारात उभारायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या बेली पुलाची एक चौकट १० फूट लांब, सुमारे २६० किलो वजनाची. ती उचलायला सहा माणसे लागत. चौकटी खिळींनी जोडत सांगाडा फिरत्या रुळांवरून (रोलरांवरून) पुढे ढकलायचा. समोरच्या काठाला टेकेपर्यंत त्याचे टोक अधांतरी असते. अशा वेळी हात गुंतलेले, बंदूक पाठीला. आडोसा घ्यावा तर पूल थांबतो आणि पूल थांबला की पलीकडे पोचलेले पायदळ एकटे पडते. हे धैर्य लढवय्याच्या धैर्याहून तसूभरही कमी नाही. शौर्यकथांत मात्र त्याला फार थोडी जागा मिळाली.

कोकण किनाऱ्याने या परंपरेला रामा राघोबा राणे दिले. ते मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. ब्रह्मदेश आघाडीवर माघारीच्या वेळी बुथिडाँग येथील मोक्याची ठिकाणे उद्ध्वस्त करण्यासाठी त्यांची तुकडी मागे ठेवली होती. काम फत्ते झाले, पण न्यायला येणारी नौदलाची जहाजे आलीच नाहीत. जपानी गस्त असलेली नदी या जवानांनी स्वतःच, शत्रूला चाहूल न लागू देता ओलांडली आणि आपली डिव्हिजन गाठली.

जम्मू-काश्मीरमधील नौशेरा-राजौरी मार्गावर ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात राण्यांनी केलेले काम नदीवरचे नव्हे, पण जातीचे तेच. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान धारातीर्थी पडले आणि राण्यांसह पाच जखमी झाले. तरीही सुरुंग काढत, रस्त्यावर आडवे टाकलेले पाइन वृक्ष उडवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. ११ तारखेला ते सतरा तास राबत होते. परमवीरचक्र हयातीत मिळवणारे ते पहिले.

डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात बसंतर नदीवरही सॅपर माऱ्यात सुरुंग काढतच होते. वाट पुरती मोकळी होण्याआधीच पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे रणगाडे त्यांच्यामागून पुढे निघाले.