व्हासोना लेक काउंटी पार्क

कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा काउंटीने लॉस गॅटोस येथे राखलेले, सुमारे १५० एकरांचे तलावकाठचे उद्यान. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील मराठी कुटुंबांनाही सहलीसाठी हे सोयीचे पडते. तलाव नैसर्गिक नाही. लॉस गॅटोस क्रीक या ओढ्यावर १९३५ साली घातलेल्या मातीच्या धरणाचे हे पाणी आहे. सँटा क्लारा खोऱ्यात विहिरींतून इतका उपसा झाला की १९१० ते १९७० च्या दरम्यान जवळच्या सॅन होजे शहराच्या मध्यवस्तीतील जमीन सुमारे १३ फूट खचली. पाणी अडवून सावकाश सोडायचे आणि जमिनीत मुरवायचे, यासाठी खोऱ्यात अशी धरणे झाली. हे ध्यानात घेतले की इथले बरेच नियम आपोआप उलगडतात.

तलावात पोहायला आणि इंजिनाच्या होड्यांना मनाई आहे. कयाक, वल्ह्यांची किंवा शिडाची होडी चालते. पेडल बोटी हंगामात भाड्याने मिळतात. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. सुरुवातीला वाऱ्यासोबत लांब गेलेल्यांची परतताना पायडल मारून दमछाक होते, म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि येताना वारा पाठीशी घ्यावा. १३ वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट अंगात घालणे कायद्याने सक्तीचे आहे. ते होडीत नुसते ठेवून भागत नाही.

स्वतःची होडी आणायची तर खरी अडचण शिंपल्यांची असते. क्वागा, झेब्रा आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच स्टॉक्टन बंदरात सापडलेला गोल्डन मसल हे परके शिंपले नळ आणि झडपांना आतून थर धरून त्या तुंबवतात. त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत आणि कयाकच्या तळाशी राहिलेल्या पेलाभर पाण्यातूनही दुसऱ्या तलावात पोचतात. म्हणून होडी धुवून, बूच काढून तिरकी धरावी, सगळे पाणी निथळू द्यावे आणि कोरडी करावी. स्पंज आणि दोऱ्याही वाळवाव्यात. तपासणीचे नियम बदलतात. ते निघण्याआधी पाहावेत.

गळ टाकायला १६ वर्षांपासून पुढे राज्याचा परवाना लागतो.

हिरवळीवर कॅनडा गूज या कलहंसाच्या जातीच्या पक्ष्यांचे थवे चरतात. सतरंजी टाकण्यापूर्वी जागा नीट पाहावी, कारण विष्ठा गवतात लपते. पाव किंवा पोळीचे तुकडे त्यांना घालू नयेत: त्याने पोषण होत नाही, पक्षी माणसांना सोकावतात आणि काठ आणखी घाण होतो.

लॉस गॅटोस क्रीक ट्रेल ही डांबरी वाट उद्यानातून जाते. सायकलला ताशी १५ मैलांची मर्यादा आहे. चालणाऱ्यांनी उजवीकडे राहावे. चौघे एका ओळीत पसरून चालले की सायकलवाल्यांशी धडक ठरलेली. शेजारच्या ओक मेडो पार्कमधून निघणारी, १८ इंच रुळांची बिली जोन्स वाइल्डकॅट रेल्वे मुलांना विशेष आवडते. तिचे वाफेचे इंजिन १९०५ सालचे आहे.

मोठ्या गटांसाठीच्या जागा आगाऊ राखून ठेवता येतात. सुटी टेबले आधी येईल त्याची, तेव्हा शनिवार-रविवारी सकाळीच पोचावे. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो, त्यामुळे वणव्याचा धोका वाढला की शेगड्या पेटवण्यावर बंदी येऊ शकते. फाटक सूर्यास्ताला बंद होते. त्याआधी अर्धा तास हाताशी ठेवून कोळसे पाणी ओतत, ढवळत विझवावेत. वरून राखाडी दिसणारा कोळसा आत धगधगत असतो, आणि तो ओकच्या मुळाशी टाकला तर झाड जळते.